पेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

राजम्यातील फायटोहीमॅग्लुटिनिन, म्हणजेच पीएचए, या प्रथिनावरील माझ्या लेखाला आपण लिहिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपला मुख्य आक्षेप दुजाभावाचा आहे. पीएचएमुळे रक्तातील लसिकापेशी, म्हणजे प्रतिकाराचे काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी, विभाजित होऊ लागतात याचे मी भरभरून कौतुक करते; गुळवेलीच्या घटकाने तेच घडवले की मात्र ‘यावरून प्रतिकारशक्ती वाढते असे म्हणता येणार नाही’ असे लिहिते, आणि यामागे आपल्याकडील वनस्पतींविषयीचा आकस आहे, असे आपले म्हणणे आहे. दुसरा आक्षेप एका वाक्यापुरता आहे : लसिकापेशींपैकी टी-पेशी पीएचएला ‘एकट्याने’ प्रतिसाद देतात, हे माझे विधान चुकीचे आहे.

हा दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. शुद्ध स्वरूपात वेगळ्या काढलेल्या टी-पेशींवर नुसते विरघळलेले पीएचए टाकले तर प्रतिसाद फार क्षीण येतो; जवळ मोनोसाइटसारख्या (हा पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) साहाय्यक पेशी असाव्या लागतात. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही रोज पूर्ण रक्तच वापरतो, त्यात मोनोसाइट आधीपासून असतात, त्यामुळे त्यांची गरज सहजी डोळ्यांसमोर येत नाही. त्या सवयीतून ते वाक्य लिहिले गेले. आजच ते दुरुस्त करते.

पहिल्या आक्षेपाबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे, आणि त्याचे कारण पीएचए नेमके काय करते यात आहे. शरीरात प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राहक, म्हणजे बाहेरचा संदेश पकडणारे प्रथिन, जंतूचा एखादाच विशिष्ट तुकडा ओळखतो. नवा जंतू आला तर त्याला ओळखणाऱ्या पेशी लाखांत एखादी इतक्या विरळ असतात. त्या तेवढ्याच जाग्या होतात आणि वाढतात. पीएचएला या ओळखीशी काही देणेघेणे नाही. ते पेशीवरील प्रथिनांना लागलेल्या शर्करेच्या साखळ्या धरते, एकाच वेळी अनेक ग्राहकांना जवळ ओढते, आणि पेशीला जणू तिचाच शत्रू समोर आल्यासारखा संदेश मिळतो. काही मिनिटांत पेशीच्या आत कॅल्शियम वाढते. पुढच्या काही तासांत इंटरल्युकिन-२ हे वाढीचा संदेश देणारे प्रथिन आणि त्याचा ग्राहक तयार होऊ लागतो. पेशी फुगते, आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डीएनएची प्रत काढून दुभंगते. यात गोवराला ओळखणारी पेशी, धनुर्वाताला ओळखणारी पेशी आणि आजवर कशाचीच गाठ न पडलेली पेशी, अशा सगळ्या एकदमच उठतात.

माझे काम गुणसूत्र तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत आलेल्या बाळाच्या रक्ताचे काही थेंब आम्ही पोषक माध्यमात घालतो, त्यात पीएचए मिसळतो आणि ३७ अंशांवर ७२ तास ठेवतो. तिसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बाटलीच्या तळाशी पेशींचे द्राक्षाच्या घडांसारखे पुंजके दिसले की जीव भांड्यात पडतो. मग कोल्चिसिनच्या जातीचे द्रव्य घालून विभाजन मध्येच थांबवायचे (हे कोल्चिसिन पावसाळ्यात कोकणात फुलणाऱ्या आपल्या कळलावीच्या कंदातही असते), पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात पेशी फुगवायच्या आणि काचपट्टीवर थेंब सोडायचा. त्यातून ४६ गुणसूत्रे मोजता येतात, ४७ असतील तर तेही कळते. ही वाट १९६० मध्ये फिलाडेल्फियात खुली झाली. संशोधक पीटर नॉवेल यांच्या प्रयोगात पीएचए वापरले होते ते तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी. पण ज्या लसिकापेशी पुन्हा विभाजित होत नाहीत असे तोवर मानले जात होते, त्याच विभाजित होताना दिसल्या. माझे कौतुक आहे ते याचे. त्या बाटलीत बाळाची प्रतिकारशक्ती कणभरही वाढलेली नसते, आणि पीएचएने त्या पेशींना एकही जंतू ओळखायला शिकवलेले नसते.

याहून स्पष्ट उदाहरण क्षयाच्या संसर्गासाठी होणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमा रक्तचाचणीत सापडते. जाग्या झालेल्या टी-पेशी सोडतात ते इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन तीत मोजतात. एकाच माणसाचे रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घालून रात्रभर उबवतात. एका नळीत काहीच नसते, एकीत क्षयजंतूच्या प्रथिनांचे तुकडे असतात आणि एकीत पीएचए असते. पीएचएची नळी एवढेच सांगते की पेशी जिवंत आहेत आणि त्यांची यंत्रणा चालू आहे. ती गप्प राहिली आणि क्षयाच्या नळीतही काही दिसले नाही, तर निष्कर्षच काढत नाहीत. क्षयजंतूशी या पेशींची पूर्वओळख आहे का, हे सांगते ती दुसरी नळी. पीएचएच्या नळीतला भरघोस आकडा पाहून कोणताही डॉक्टर ‘तुमची क्षयाविरुद्धची प्रतिकारशक्ती उत्तम आहे’ असे म्हणणार नाही. गुळवेलीच्या बाबतीत मात्र आपण नेमके तसेच म्हणू पाहतो आहोत.

गुळवेलीवरील कामाला मी कमी लेखत नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी तिच्यातून अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची बहुशर्करा वेगळी केली आणि ती बी-पेशींना (प्रतिपिंडे बनवणाऱ्या लसिकापेशींना), त्यांच्या ओळखीची पर्वा न करता, विभाजित करते असे १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. हे काम नेटके आहे. पण त्याचा अर्थ तेवढाच घ्यायला हवा : हा पदार्थ मायटोजेन, म्हणजे पेशींना विभाजित व्हायला लावणारा, आहे; पीएचएच्या पंगतीत बसणारा आहे. म्हणजे मी दोघांना एकच माप लावते.

सर्व पेशी एकदम उठवणे हे हिताचेच असते, हेही गृहीत धरता येत नाही. अबईच्या जातीच्या शेंगेतून मिळणारे कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए हे प्रथिन प्रयोगशाळेतील बशीत टी-पेशींची वाढ उत्तम करते; तेच उंदराच्या शिरेत टोचले की जाग्या झालेल्या टी-पेशी काही तासांत त्याच्या यकृताची हानी करतात, आणि स्वप्रतिकारातून, म्हणजे शरीराचीच प्रतिकारयंत्रणा उलटल्याने, होणारी यकृताची इजा अभ्यासण्यासाठी १९९२ पासून हाच नमुना वापरला जातो. बशीतसुद्धा मात्रा वाढवत नेली की एका टप्प्यानंतर वाढ खुंटते. माझ्या पहिल्या वर्षी मी हिशेबात चुकून पीएचएची मात्रा कितीतरी पट घातली होती आणि तिसऱ्या दिवशी बाटलीत पुंजक्यांऐवजी मेलेल्या पेशींचा गाळ दिसला होता. त्या आईला बाळाचे रक्त पुन्हा द्यायला बोलवावे लागले, ते मी विसरलेले नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याची नोंद केली. वनस्पतीची ओळख नीट पटवली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला, आणि तो प्रश्न रास्त आहे. सहा रुग्णांवरून गुळवेलीला दोषी ठरवायचे नाही. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल’ या भरवशावर महिनोन्महिने काढा घेणाऱ्यांनी ती नोंद दृष्टिआड करू नये, असे मला कळकळीने वाटते.

जाता जाता आपण विचारले आहे की मग राजमा खावा की नाही. अवश्य खावा. भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये नीट शिजवला की पीएचए निष्प्रभ होते. कच्चा किंवा मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा मात्र चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब घडवू शकतो.

गुळवेलीबाबत माझे मत कशाने बदलेल, हेही सांगते. एखादी लस घेणाऱ्या लोकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत, एका गटाला ओळख पटवलेल्या गुळवेलीचा ठरावीक मात्रेतला अर्क आणि दुसऱ्याला दिसायला तसेच पण निष्क्रिय औषध द्यावे, कोणाला काय मिळाले हे देणाऱ्यालाही ठाऊक नसावे. मग त्या लशीतील जंतूविरुद्धची प्रतिपिंडे आणि त्याच जंतूला ओळखणाऱ्या टी-पेशी मोजाव्यात, सोबत यकृताच्या चाचण्याही कराव्यात. गुळवेलीच्या गटात हे आकडे खात्रीने सरस आले आणि यकृताच्या चाचण्या निर्दोष राहिल्या, तर ते मी याच जागी लिहीन आणि त्या लेखाची पहिली प्रत आपल्याला पाठवीन.