समुद्र धोक्याचा, मग धबधबा सुरक्षित? हानाकापिआईच्या मेसेजला उत्तर

हवाईतल्या काउई बेटाची सहल ठरली की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडतो. थोडक्यात मजकूर असा: "हानाकापिआईच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरू नका, तिथे बुडालेल्यांच्या संख्येची पाटीच आहे. त्याऐवजी दोन मैल आत जंगलात जा. धबधब्याचा डोह एकदम सेफ. लाटा नाहीत, ओढ नाही, पाणी तर फिल्टरपेक्षा शुद्ध. वर आकाश निळं असेल तर बिनधास्त उतरा. धारेखाली उभे राहा, फुकटचा मसाज! तिथली पोरं जिथून उड्या मारतात तिथून तुम्हीही मारा. तिकीट वगैरे काही लागत नाही." शेवटी तीन अंगठे आणि एक फोटो.

मी या डोहात पोहलोय आणि पुन्हा जायला मिळालं तर पुन्हा पोहेन. त्यामुळे "जाऊच नका" हे सांगायला मी बसलेलो नाही. पण या मेसेजमधलं जेमतेम पहिलं वाक्य खरं आहे. किनाऱ्यावर लाकडी पाटी आहे. पाण्याजवळ जाऊ नका, न दिसणाऱ्या प्रवाहांनी इथे जीव घेतलेत, असा मजकूर आणि खाली कोरलेल्या रेघा: चार उभ्या, पाचवी आडवी, असे गठ्ठेच्या गठ्ठे. तो आकडा सरकारी नाही, पण पाटीसमोर उभं राहिल्यावर हिशेब तपासायची इच्छा कुणाला होत नाही. गोम पुढच्या वाक्यात आहे. समुद्राने निदान पाटी लावून घेतली आहे. डोह मात्र दिसतोच इतका शांत की तिथे धोका शोधायचा कुठे, हेच कळत नाही.

"वर आकाश निळं असेल तर बिनधास्त"

सगळ्यात घातक वाक्य हे, म्हणून यावरच जास्त बोलतो.

डोहाच्या वर जे आकाश दिसतं ते दरीच्या दोन भिंतींमधली एक चिंधी असते. ओढ्याला पाणी येतं ते मात्र बेटाच्या मधल्या उंच, कायम ढगात बुडालेल्या भागाकडून. त्या भागातल्या वायआलेआले शिखरावर वर्षाला ९,००० मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, जगातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी ती एक. व्यापारी वारे समुद्रावरची वाफ डोंगरावर चढवतात आणि ती वरच रिकामी होते. खाली किनाऱ्यावर तुम्ही काळा चष्मा लावून बसलेले असता आणि वर धो धो चाललेलं असतं. दऱ्या उभ्या, ओढे आखूड. वर पडलेलं पाणी खाली यायला फार वेळ घेत नाही.

एप्रिल २०१४ मध्ये याच ओढ्याला अचानक पाणी चढलं आणि पलीकडच्या तीरावर अडकलेल्या १२१ जणांना बाहेर काढावं लागलं. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून हसत गेलेली माणसं होती ती. चार वर्षांनी, १४-१५ एप्रिल २०१८ ला, इथून जवळच्या वाइपा इथे २४ तासांत १,२६२ मिलीमीटर पाऊस मोजला गेला. अमेरिकेतला तो विक्रम आहे. दरडींनी रस्ता गाडला गेला आणि ही पायवाट २०१९ च्या जूनपर्यंत बंद राहिली.

यावरचा उपाय आकाशात नाही, पाण्यात आहे. धबधब्यापर्यंत जाताना हा ओढा एकदाच नव्हे, अनेकदा ओलांडावा लागतो. मी पहिल्या ओलांडणीलाच काठावरचा एक दगड हेरून ठेवला होता: अर्धा कोरडा, अर्धा ओला, मधोमध शेवाळाची रेघ. परतताना ती रेघ बुडालेली दिसली असती तर मी अलीकडेच बसून राहिलो असतो. वर डोहात असतानाही तेच. पाणी थोडं गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या जास्त यायला लागल्या, धबधब्याचा आवाज जाड झाला, की टॉवेल शोधत बसू नये. उंच जागी जावं. आणि मध्ये लोंढा आलाच तर ओलांडायची घाई करू नये. हे ओढे जसे भरभर चढतात तसे काही तासांत उतरतातही. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं, आणि हा ओढा पुढे जाऊन पडतो तो त्याच पाटीवाल्या समुद्रात.

"पाणी फिल्टरपेक्षा शुद्ध"

दिसायला आहेच तसं. तळाचे गोटे मोजता येतात.

पण वाटेत नाकाने काय सांगितलं ते आठवा. या दरीत जुन्या शेतांचे दगडी बांध आहेत, बांबूची बेटं आहेत, आणि पेरूची झाडं तर इतकी की पायवाटेवर पिकून पडलेल्या पेरूंचा चिखल झालेला असतो. आंबूस, गोडसर वास. त्या पेरूंच्या आजूबाजूची जमीन नांगरल्यासारखी उकरलेली दिसते. ते रानडुकरांचं काम. डुकरं, उंदीर यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायराचे जिवाणू मातीत जातात आणि मातीतून ओढ्यात. म्हणजे आपला लेप्टोच. त्यासाठी पाणी तुंबलेलं किंवा काळं असायला लागत नाही. हवाईत ओढ्यांच्या काठी याच्या इशाऱ्याच्या पाट्या असतात, पण त्यांचे फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

अशीच गोष्ट दुसऱ्या उष्ण बेटावर घडली आहे. २००० साली बोर्नियोतल्या साबाह इथे झालेल्या साहसी शर्यतीत ३०४ स्पर्धक होते. नंतर त्यांच्यातल्या १८९ जणांशी संपर्क झाला, तेव्हा ८० जणांना लेप्टोशी जुळणारा आजार होऊन गेल्याचं दिसलं. सेगामा नदीत पोहणं हा त्यातला मुख्य धोका ठरला. सगळे कसलेले, तंदुरुस्त लोक होते.

जिवाणू शिरतो तो जखमेतून, डोळ्यांतून, नाकातोंडातून. त्यामुळे वाटेत घसरून गुडघा सोलला असेल (इथे सोलतोच) तर डोहात न उतरलेलं बरं. डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहावं. तहान लागली म्हणून ओंजळ भरून पिऊ नये. आणि एक गोष्ट मेसेजवाले कधीच सांगत नाहीत: लक्षणं दोन दिवसांपासून महिन्याभरापर्यंत कधीही येतात, बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत. तोवर सहल संपून तुम्ही घरी कामाला लागलेले असता. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर डॉक्टरांना "जंगलातल्या ओढ्यात पोहलो होतो" एवढं वाक्य आवर्जून सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. वेळेवर कळलं तर साध्या प्रतिजैविकांनी काम भागतं.

जाता जाता: शुद्ध म्हणजे निर्जीव, असं समजून काहीजण शाम्पू घेऊन येतात. हवाईच्या ओढ्यांत ओओपू नावाचे छोटे मासे असतात. त्यांच्यातल्या एका जातीची पिल्लं समुद्रातून परत येऊन पोटाखालच्या चोषकाने कातळाला चिकटत धबधबे चढतात. हवाई बेटावरचा १३५ मीटरचा अकाका धबधबासुद्धा ते चढून जातात. एवढं चढून आल्यावर त्यांना आपला फेस नको.

"लाटा नाहीत, ओढ नाही, आणि वर मसाज"

लाटा नाहीत, मान्य. ओढ आहे. धार जिथे कोसळते तिथे पाणी खाली जातं, तळाशी पसरतं आणि पृष्ठभागावरून पुन्हा धारेकडे खेचलं जातं. शिवाय तिथलं पांढरं पाणी म्हणजे अर्धवट हवाच. शरीर तरंगतं ते पाण्याच्या घनतेवर. बुडबुड्यांनी ती घटली की एरवी आरामात तरंगणारा माणूस तिथे खोल जातो आणि हात मारले तरी हाताला पाण्याचा आधार लागत नाही. डोहाच्या कडेला पोहणं आणि धारेपाशी पोहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोहता येणाऱ्यांनाच हे जास्त सांगावं लागतं.

आणि मसाज. हा धबधबा सुमारे ९० मीटर उंच आहे. वरून पाण्याबरोबर मुठीएवढा दगड सुटला तर खाली येईपर्यंत त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या बराच वर गेलेला असतो. आवाज येणार नाही, कारण धबधब्यापुढे दुसरं काही ऐकूच येत नाही. ओआहू बेटावर सेक्रेड फॉल्स नावाचा असाच लाडका धबधबा होता. ९ मे १९९९ ला, मदर्स डेच्या रविवारी, दरीच्या भिंतीतून दगड सुटले आणि खाली जमलेल्या लोकांपैकी आठ जण मेले. दरडीच्या इशाऱ्याच्या पाट्या तिथेही होत्या. ते उद्यान तेव्हापासून बंद आहे. ज्या कातळावरून पाणी शतकानुशतकं पडतंय तो झिजत असतो, म्हणून तर तिथे डोह झाला आहे. मी धारेपासून लांब, डोहाच्या खालच्या तोंडापाशी पोहलो. फोटो फिका आला, हे कबूल.

"तिथली पोरं उड्या मारतात"

ती पोरं काल तळ बघून आलेली असतात. तुम्ही नाही. प्रत्येक पुरानंतर ओढ्यातले धोंडे जागा बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या व्हिडिओतली खोल जागा यंदा उथळ असू शकते. दहा मीटरवरून उडी मारली तर पाण्याला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटर असतो. आणि पाय मोडला तर गाडीपर्यंत चार मैल आहेत: दोन किनाऱ्यापर्यंत, दोन तिथून पुढे. तिथे फोनला रेंज नाही.

"तिकीट लागत नाही"

२०१९ पासून लागतं. पायवाट सुरू होते त्या हाएना उद्यानात दिवसाला ९०० पाहुण्यांची मर्यादा आहे. हवाईबाहेरच्यांना आगाऊ नोंदणी सक्तीची असते, ती ३० दिवस आधी उघडते आणि गाडी लावायच्या जागा हां हां म्हणता संपतात. शटल बस हा सोपा पर्याय. धबधब्यापुरतं जाऊन यायचं तर वेगळा परवाना लागत नाही. हानाकापिआई दरीच्या पुढे, पायवाटेच्या शेवटच्या कलालाऊ दरीकडे जायचं असेल तर मात्र लागतो.

येऊन-जाऊन आठ मैल, म्हणजे जवळजवळ १३ किलोमीटर, आणि त्यातलं बरंचसं चिखलात. सहा ते आठ तास धरा, पहिल्या वेळेची नोंदणी घ्या, म्हणजे उतरतीला अंधार गाठणार नाही. वाटेच्या सुरुवातीला आधीच्या लोकांनी ठेवून दिलेल्या काठ्या बहुधा सापडतात. ओढा ओलांडताना तिसरा पाय म्हणून एक घ्या आणि परत आल्यावर तिथेच ठेवा. माझी काठी बांबूची होती, वरच्या टोकाला कुणीतरी लाल चिंधी बांधलेली.