ढील कुठं द्यायची, कुठं नाही: वणीच्या वाचकभाऊंना उत्तर

भाऊ, नमस्कार.

यवतमाळसारख्या ठिकाणी खासगी एफएम टिकायचं असेल तर कार्यक्रमांचे नियम जरा सैल करा, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘नियम सैल केले की मुंबईत तयार केलेले कार्यक्रम इथं वाजतील, आमची वऱ्हाडी जाहिरातीपुरतीही उरणार नाही. शेतकऱ्याचं नाव घेऊन तुम्ही कंपन्यांची वकिली करता.’ वकिलीचा आरोप मला लागला. पण त्याआधीचं वाक्य खरं आहे.

खासगी एफएमसाठी केंद्र सरकारनं २०११ मध्ये आणलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणानं कंपनीला स्वतःच्या सगळ्या केंद्रांवर देशभर एकच कार्यक्रम लावायची मुभा दिली. आधी ती फक्त लहान शहरांना, तीही आपापल्या विभागापुरती होती. यानं खर्च वाचतो एवढंच मी लिहिलं. त्या बचतीत सगळ्यात आधी इथल्या निवेदकाची नोकरी जाते, हे लिहायचं राहिलं. ती माझी चूक, आणि या बाबतीत ढील नको हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

बातम्यांच्या बाबतीत मात्र मी मागं हटणार नाही. खासगी केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, बस. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, आणि प्रशासनानं दिलेल्या वीज-पाणी, आपत्ती, आरोग्याच्या सूचना बातमीत धरत नाहीत, म्हणून त्या चालतात.

आता २०१७ चा खरीप आठवा. कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढलेली, फवारणीवर फवारणी चाललेली, आणि आपल्या जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले. तेव्हा इथं खासगी केंद्र असतं तर ‘तोंड बांधा, वाऱ्याच्या उलट फवारू नका’ ही सरकारी सूचना त्याला वाचता आली असती. पण कोणती औषधं एकत्र मिसळून दिली जातायत, दवाखान्यात खाटा आहेत का, गेलेल्या मजुराच्या घरी कोणी अधिकारी गेला का, हे वावरातल्या माणसाला माइकपुढं बोलतं केलं असतं तर ती चालू घडामोड ठरली असती आणि केंद्र नियमात अडकलं असतं. गाणी चोवीस तास चालतात आणि हे चालत नाही, याचा मला आजही संताप येतो. आकाशवाणी यवतमाळ मी ऐकतो, तिची मला कदर आहे. पण सोळा तालुक्यांच्या जिल्ह्याला एकच आवाज पुरत नाही. ट्राय या दूरसंचार-प्रसारण नियामक संस्थेनं सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला १० मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात अशी शिफारस केली. मी मागतोय ती ढील हीच.

ढील दिली म्हणजे सगळंच सुटलं, असं होत नाही. सामुदायिक रेडिओचं, म्हणजे स्थानिक संस्था चालवतात त्या छोट्या केंद्रांचं बघा. निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत ही तिथली अट. २०२४ मध्ये जाहिरातीची वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटं झाली, पण त्या निम्म्या वाट्याला कोणी हात लावला नाही. खासगी केंद्रांवरही इथल्या माणसांनी इथंच केलेल्या कार्यक्रमांचा ठरलेला वाटा हवा. फक्त त्याचा हिशेब रोजचा नको, वर्षाचा धरा. मृग लागला की बोलणारा माणूस पेरणीत असतो, दिवाळीनंतर वेचणीत. उन्हाळ्यात त्याच्याकडं वेळ असतो. तेव्हा दुप्पट करू द्या.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. त्या यादीत यवतमाळ, चंद्रपूर, वर्धा, गोंदिया, अचलपूर आहेत. एकदा परवाने वाटून झाले की अटी वाढवणं फार कठीण.

मागच्या लेखातला खर्चाचा तो परिच्छेद आज दुरुस्त केला आहे आणि तुमच्या हरकतीचा उल्लेखही केला आहे. आता माझा तुम्हाला एक प्रश्न. तुम्ही वऱ्हाडीसाठी भांडलात, पण तुमच्या वणी-मारेगावकडच्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, कोलामी बोलतात. स्थानिक भाषेचा वाटा ठरवताना कोलामीला त्यात वेगळी वेळ राखून ठेवावी का? पोडावर तुमचं जाणं-येणं असेल तर तिथल्या लोकांना विचारून कळवा.