ती यादी मोबाइलवर उघडत नाही, आणि उघडायलाही नको

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सरकारने लैंगिक गुन्हेगारांची यादी खुली केली. गल्लीत कोण राहतो ते पाहा, पुढे पाठवा. अमेरिकेत हेच करून मुलं सुरक्षित झाली.’

यादी खुली केलेली नाही. लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस 20 सप्टेंबर 2018 ला सुरू झाला. तो एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, सांभाळते आणि फक्त पोलीस व तपास यंत्रणाच पाहू शकतात. मेसेजमधल्या लिंकवर मुलांची माहिती मुळीच भरू नका.

गल्लीतला धोका यादीतून कळतो, हेही खरं नाही. त्या डेटाबेसमध्ये दोषी ठरलेल्यांचीच नोंद होते. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 4 आणि 6 खालच्या (मुलांवरील बलात्काराच्या) गुन्ह्यांत सुमारे 96 टक्के आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असं एनसीआरबीचे अहवाल सांगतात. ज्या काकाविरुद्ध, शिकवणीच्या सरांविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, तो कुठल्या यादीत सापडणार?

नाव छापलं की गुन्हेगारच उघडा पडतो, हा समज सगळ्यात घातक. आरोपी बाप किंवा मामा असेल, तर त्याचं नाव आणि पत्ता वाचून अख्ख्या चाळीला मुलगी कोण ते कळतं. पॉक्सोचं कलम 23 मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. बलात्कारपीडितेची ओळख पसरवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घराचं नाव कायमचं इंटरनेटवर राहणार म्हटल्यावर किती आया पोलीस ठाण्याची पायरी चढतील?

अमेरिकेत 1996 पासून अशी माहिती लोकांना द्यावी लागते. तिथल्या 2011 च्या एका अभ्यासात पोलिसांकडच्या नोंदणीचा उपयोग दिसला. पण यादी जाहीर केल्याने सुटून आलेले पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचा धोका वाढू शकतो, असंही आढळलं. काम नाही, घर नाही, मग गमावण्यासारखं उरतं काय? मेन राज्यात 2006 मध्ये एकाने अशाच यादीतून पत्ते शोधून दोघांना घरी जाऊन ठार केलं. त्यातल्या एकाचा गुन्हा होता 19 व्या वर्षी, सोळाव्याच्या उंबरठ्यावरच्या मैत्रिणीशी आलेला संबंध.

हक्काने मागायची ती पडताळणी. पॉक्सो नियम 2020 नुसार मुलांशी संबंध येणाऱ्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करणं शाळेला बंधनकारक आहे. बसचालक, शिपाई, सफाई कामगार, प्रत्येकाच्या पडताळणीची तारीख विचारा. घोळ बहुधा ठेकेदाराच्या माणसांत होतो: माणूस बदलतो, कागद जुन्याच्या नावाचा राहतो.

संशय आला तर 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस व आपत्कालीन मदत) वर फोन करा. मुलाला खोदून खोदून विचारू नका. अत्याचार नुकताच झाला असेल तर वैद्यकीय तपासणीआधी आंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमटपणाने पुरावा खराब होतो. जबाब मुलाच्या घरी घेता येतो आणि तो घेणारे पोलीस गणवेशात नसावेत, हे पॉक्सोच्या कलम 24 मध्ये आहे; पोलीस विसरले तर आठवण करून द्या. आणि संशयिताचं नाव आधी ग्रुपवर टाकू नका. तो सावध होतो आणि फोनमधले मेसेज, फोटो पुसून टाकतो.