शॅनन पुरस्कार बंद करावा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

माहिती सिद्धांतात, म्हणजे माहिती बिनचूक कशी पाठवायची आणि साठवायची याच्या गणितात, मोलाचं काम करणाऱ्यांना मिळणाऱ्या शॅनन पुरस्कारावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनियरांच्या आयईईई या संघटनेतल्या एका सोसायटीने आपल्याच प्राध्यापकांना वाटलेली ही शाल-श्रीफळं आहेत, मोबाईल चालतो तो कंपन्यांमधल्या इंजिनियरांमुळे, पण त्यांना कुणी विचारत नाही, पुरस्कार मिळेपर्यंत माणूस म्हातारा होतो, तेव्हा हे प्रकार बंदच करावेत. यातल्या एका गोष्टीची चीड मलाही आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी प्राध्यापकांचं बघू. गॉटफ्रीड उंगरबॉक हे झुरिकला आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. टेलिफोनच्या तारेवरून माहिती पाठवताना चुका सुधारणारा संकेत (मजकुराला जोडलेले जास्तीचे बिट) एकीकडे आणि मॉड्युलेशन (बिटांना तारेवरच्या लहरींचं रूप देणं) दुसरीकडे, अशी तेव्हाची रीत होती. त्यांनी दोन्हींची रचना एकत्र केली. तारेवर जास्तीची बँडविड्थ, म्हणजे वारंवारतांची जागा, न घेता चुका कमी झाल्या. १९८२ साली हा निबंध छापून आला आणि पुढे सेकंदाला ९६०० बिट पाठवणारे मोडेम याच तत्त्वावर निघाले. फोनच्या तारेवरून इंटरनेट घेतलेल्या आपल्या पिढीवर या माणसाचे उपकार आहेत. त्यांना शॅनन पुरस्कार २०१८ साली मिळाला. डेव्हिड फॉर्नी मोडेम बनवणाऱ्या कोडेक्स कंपनीतले, एरन वायनर आणि नील स्लोन बेल लॅब्जमधले, अँड्र्यू विटर्बी तर क्वालकॉमच्या संस्थापकांपैकी एक. हे सगळे पुरस्काराच्या यादीत आहेत.

उशिराबद्दल तुमचं खरं आहे. छत्तीस वर्षं म्हणजे फारच झाली. पण वापर हीच कसोटी धरली तर उशीर आणखी वाढेल. रॉबर्ट गॅलगर यांनी एमआयटीत १९६० साली प्रबंधात चुका सुधारणारे जे एलडीपीसी संकेत मांडले, ते चालवण्याइतकी ताकद तेव्हाच्या यंत्रांमध्ये नव्हती. तीसेक वर्षं उद्योगांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नव्वदच्या दशकात डेव्हिड मॅके आणि रॅडफर्ड नील यांनी ते पुन्हा वर काढले आणि आज फाइव्ह-जीचा डेटा त्यांच्याच जोरावर पोचतो. गॅलगर यांचा मोठेपणा त्यांच्या क्षेत्रातल्या माणसांनी १९८३ सालीच ओळखला होता, बाजाराच्या कितीतरी आधी.

आणि बुडापेस्टच्या कातालिन मार्तोन? एका प्रक्षेपकाने अनेकांना एकाच वेळी वेगवेगळा मजकूर किती वेगाने पाठवता येईल, यावर १९७९ साली त्यांनी दिलेली मर्यादा आजही सर्वांत चांगली मानली जाते. ती अंतिम आहे की नाही हे कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. असं काम कोणत्या कंपनीच्या ताळेबंदात दिसेल? ते समजणाऱ्यांनीच त्याची कदर करायला हवी. २०१३ साली ती झाली. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि त्यासाठी चार दशकं जावी लागली, हे मात्र मला खटकतं.

शाल-श्रीफळाचं म्हणाल, तर इथे मानकऱ्याला वार्षिक परिषदेत शॅनन व्याख्यान द्यावं लागतं. समोर बसतात ते त्याच विषयात मुरलेले लोक. पहिलं व्याख्यान १९७३ साली इस्रायलमधल्या अश्कलोनला या क्षेत्राचे जनक खुद्द क्लॉड शॅनन यांनी दिलं.

आता माझी चीड. चुका सुधारणारे रीड-सॉलोमन संकेत १९६०चे, रीड आणि सॉलोमन या दोघांचे. चरे पडलेली सीडी वाजते ती त्यांच्यामुळे. व्हॉयेजर यानाने दूरवरून पाठवलेली चित्रं नीट मिळाली त्यातही त्यांचा वाटा आहे. १९८२ सालचा शॅनन पुरस्कार एकट्या आयर्विंग रीड यांना मिळाला. दोघांची नावं एकत्र आली ती १९९५च्या आयईईई मासारू इबुका पुरस्कारावर, आणि पुढच्याच वर्षी गुस्ताव सॉलोमन गेले. चुका सुधारणाऱ्याच टर्बो संकेतांचा १९९३चा जिनिव्हातला निबंध तिघांच्या नावावर आहे. याच क्षेत्रातलं २००३ सालचं हॅमिंग पदक बेरू आणि ग्लाव्हिए या दोघांना मिळालं, तिसरे लेखक पुण्य थितिमाजशिमा मात्र वगळले गेले. बीसीएच संकेत ज्यांच्या आद्याक्षरांवरून ओळखले जातात ते राजचंद्र बोस, रे-चौधरी आणि ऑकेंगेम हे तिघेही शॅनन पुरस्काराच्या यादीत नाहीत. बोस कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधून घडलेले. संकेतांच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात बीसीएचचं प्रकरण असतंच, आणि तरी हे असं.

टीका करायची तर इथे करा. दोघातिघांनी मिळून केलेल्या कामाचा मान एका व्यक्तीच्या गळ्यात घालण्याची पद्धत चुकीची आहे. याच सोसायटीचा शोधनिबंध पुरस्कार निबंधाच्या सगळ्या लेखकांना मिळतो; तोच न्याय शॅनन पुरस्काराला लावता येईल. पुरस्कार बंद केल्याने सॉलोमन यांना काहीच मिळणार नाही, उलट मार्तोन यांच्यासारखं काम करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी मोजकी दादही जाईल.

पुण्याचं नाव तुमच्या प्रतिक्रियेत आलंय म्हणून सांगतो: २००० सालचे मानकरी थॉमस कैलथ पुण्यात जन्मले आणि १९५६ साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन बाहेर पडले. तिथल्या विद्यार्थ्यांना ही यादी दाखवावी असं मला मनापासून वाटतं, बोस आणि सॉलोमन यांची नावं शेजारी हाताने लिहून.