आधी आकडे बघा, मग सेटिंग्ज बदला
लॅपटॉपवर गेम अडखळत असेल तर काय करावं, यावरच्या लेखात ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि ग्राफिक्स कमी करा एवढंच सांगितलंय. पण पंधरा-वीस मिनिटं गेम मख्खन चालतो आणि मग अचानक सेकंदाला ९० वरून ३० फ्रेम्सवर येतो, तेव्हा ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नसतो. ड्रायव्हर काय मध्येच दमतो का?

एमएसआय आफ्टरबर्नर हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, एमएसआय सोडून इतर कंपनीच्या लॅपटॉपवरही चालतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान आणि क्लॉक (म्हणजे चिपचा वेग) दिसू द्या. प्रोसेसर ९५-१०० अंशांवर जाऊन क्लॉक घसरला, तर सरळसरळ उष्णतेचा मामला. पंखा वरून चकाचक दिसतो हो, पण धूळ बसते ती पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीच्या मधे, अगदी नमद्यासारखी. खालचं झाकण काढल्याशिवाय ती निघत नाही. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

तोवर तात्पुरता इलाज: विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करा. टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा वाढीव वेग, बंद होतो, तापमान बऱ्यापैकी उतरतं. सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असलेल्या गेममध्ये फरक फारसा जाणवतही नाही.

आणि तापमान ६०-६५ असूनही क्लॉक पडत असेल, तर चार्जर बघा. लॅपटॉपसोबतच्या २३० वॅटच्या विटेएवढ्या चार्जरऐवजी टाइप-सीचा ६५ वॅटवाला लावून लोक गेम खेळतात आणि शिव्या मात्र विंडोजला घालतात.