कोतेत्सूच्या सहीबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुमच्या आजेसासऱ्यांच्या तलवारीवरची कोतेत्सू या जुन्या जपानी तलवार-कारागिराची सही आम्ही खोटी ठरवली, सरकारी नोंदणीपत्र दाखवूनही मानलं नाही, नाकागोचा (मुठीतल्या भागाचा) गंज काढून दिला नाही आणि हे सगळं तलवार स्वस्तात लाटण्यासाठी केलं, असं तुम्ही लिहिलंय. शेवटचा आरोप फार लागला. तपासणीला आलेली तलवार आम्ही कधीच विकत घेत नाही; पावतीवर तसं छापलेलंच आहे.

नोंदणीपत्र प्रीफेक्चरचं (जपानमधल्या प्रांताचं) शिक्षण मंडळ देतं. त्यात लांबी, बाक, खुंटीची भोकं आणि नाकागोवर जे कोरलंय ते जसंच्या तसं उतरवून घेतात. ते नाव खरं की खोटं, याचा निवाडा त्यात नसतो.

आता सही. नागासोने कोतेत्सू सतराव्या शतकात एदोमध्ये (आजच्या टोकियोत) तलवारी घडवत होता. त्याआधी तो चिलखतं करायचा. त्याच्या नावाने इतक्या नकली तलवारी निघाल्या की ‘कोतेत्सू दिसली की खोटी समजा’ असं इथले जाणकार आजही म्हणतात. नावातलं ‘को’ हे अक्षर तो आयुष्यभर एकाच वळणाने कोरत नव्हता. चौकटीसारखं वळण १६६४ च्या सुमारापासूनचं, त्याआधीचं वेगळं. तुमच्या तलवारीवर ‘को’ चौकटीचा आहे आणि मागच्या बाजूला जपानी कालगणनेतलं साल आहे मांजी ३, म्हणजे १६६०! भिंगातून पाहिलं तर नाकागो काळाभोर गंजलेला, पण अक्षरांच्या खाचांमधला गंज फिका आणि कडा अजून धारदार. पातं जुनं आहे, नाव मागाहून कोरलंय. हे मी तुम्हाला भिंग हातात देऊन दाखवलं होतं.

म्हणूनच त्या गंजाला हात लावायला मी नकार दिला, आणि पुन्हा आलात तरी देईन. तो घासला तर पात्याचं वय सांगणारा पुरावाच जातो, तो परत आणता येत नाही.

पातं मात्र खरोखर सुरेख आहे. पाणी दिल्याची रेघ शेवटपर्यंत कुठेही तुटत नाही. हेही मी त्या दिवशी सांगितलं होतं, तुमच्या लिहिण्यात ते आलं नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. १९४८ साली स्थापन झालेली जपानी तलवारींच्या जतनाची संस्था, निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई, इथे टोकियोतच, र्‍योगोकूला आहे. तिथे तलवार तपासणीला द्या. खोटी सही असेल तर ते प्रमाणपत्र देत नाहीत. अर्ज जपानीत भरावा लागतो. तो मी भरून देईन, त्याचे पैसे नकोत. तोवर घरी कुणालाही नाकागोवर पॉलिश पेपर किंवा गंज काढायचं औषध लावू देऊ नका.