परदेशातून: बेडफर्डचा कल्हईवाला आणि आपलं संमेलन

साहित्य संमेलन जवळ आलं की आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन वाक्यं ठरलेली असतात, "साहित्यात राजकारण आणू नका" आणि "धर्माला हात लावू नका", आणि त्याच्यामागून तिसरं, "इथे इंग्लंडमध्ये बघा, कसं सगळं वेगवेगळं ठेवलंय". या तिसऱ्या वाक्याला माझी सटकते. कारण मी राहते बेडफर्डला, आणि इथे भाजी आणायला बाहेर पडलं तरी याच्या बरोब्बर उलटा पुरावा चौकात उभा असतो, तोही ब्रॉन्झचा.

जॉन बनियन. भांडी सांधत गावोगाव फिरणारा माणूस, आपल्याकडचा कल्हईवाला म्हणा, शिक्षण जेमतेम. 1660 मध्ये त्याला पकडलं. गुन्हा काय, तर अधिकृत चर्चच्या बाहेर, परवाना नसताना लोक जमवून प्रवचन केलं. "पुन्हा करणार नाही" एवढं म्हणाला असता तर घरी गेला असता, पण नाही म्हणाला, आणि बारा वर्षं आत राहिला. घरी आंधळी मुलगी, म्हणून जेलमध्ये बसून बुटाच्या नाड्या करायचा आणि त्या विकून घर चालवायचा. त्याचं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस', एका ख्रिस्ती यात्रेकरूची रूपककथा, 1678 मध्ये आलं आणि पुढे कितीतरी पिढ्या इथल्या साध्या घरांत बायबलच्या शेजारी ते पुस्तक असायचं. सिल्व्हर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जिथे ती जेल होती तिथे आता फरशीत एक पाटी आहे, तिच्यावरून लोक शॉपिंगच्या पिशव्या घेऊन जातात. पुतळा 1874 चा, पायाशी तुटलेली बेडी, आणि तो गावाला दिला कुणी तर बेडफर्डच्या ड्यूकने. म्हणजे बड्या लोकांच्या राज्यात आत गेलेल्या माणसाला दोनशे वर्षांनी बड्या माणसानेच पुतळा दिला! आता यात धर्म कुठे संपतो, राजकारण कुठे सुरू होतं आणि साहित्य कुठलं, हे ग्रुपवरच्या काकांनी मला वेगळं काढून दाखवावं.

बनियन जन्मला 1628 मध्ये, तेव्हा आपले तुकोबा विशीत होते. त्यांना कुणी जेलमध्ये टाकलं नाही, पण आरोप तोच, तुला बोलायचा अधिकार कुणी दिला? वाघोलीच्या रामेश्वरभटांनी हरकत घेतली आणि वह्या इंद्रायणीत गेल्या. "वेदाचा तो अर्थ आम्हासीच ठावा, येरांनी वहावा भार माथा" ही ओळ कुणाला नुसती भक्तीची म्हणून वाचायची असेल तर वाचा बापडे, मला तरी त्यात सरळसरळ सत्तेला दिलेलं आव्हान दिसतं. आणि धर्म काढून टाकायचाच म्हटलं तर मराठीत सुरुवातीलाच हाताला लागणार काय? लीळाचरित्र गेलं, ज्ञानेश्वरी गेली. 1857 ची बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', जिला आपण पहिली मराठी कादंबरी म्हणतो, ती विधवांच्या हालांवर आहे आणि लिहिणारा ख्रिस्ती झालेला माणूस, त्याला काय म्हणायचंय ते पानापानावर दिसतं. त्याच्याही आधी, 1841 मध्ये, आमच्या या कल्हईवाल्याचं पुस्तक हरि केशवजींनी 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणलं. त्यामुळे भेसळ नको वगैरे बोलायची वेळ कधीच निघून गेलीय.

माझ्या मते भांडण भेसळीचं नाहीच, ते परवान्याचं आहे. 2009 मध्ये आनंद यादव महाबळेश्वरच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडून आलेले, तुकोबांवरच्या त्यांच्या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला, यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली, तरी भागलं नाही आणि शेवटी अध्यक्षपदच सोडावं लागलं. 2019 ला यवतमाळला इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून मग येऊ नका असं कळवलं. पुढच्याच संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तर काहींना पाद्री चालेना, ज्या माणसाने अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं त्याचा मराठीवरचा हक्क तपासायला निघाले होते लोक. या तिन्ही वेळा, संमेलनाआधी तरी, कोर्टाचा निकाल नव्हता की बंदीचा हुकूम नव्हता. कुणीतरी दम दिला आणि (दिब्रिटोंच्या वेळचा अपवाद सोडला तर) संमेलनवाले वाकले, बस्स.

आता इंग्लंडचं कौतुक करणाऱ्यांसाठी. इथे 1968 पर्यंत नाटकाची संहिता राजदरबारातल्या अधिकाऱ्याकडे पाठवून पास करून घ्यावी लागायची. 1977 मध्ये, म्हणजे काही फार जुनी गोष्ट नाही, येशूवरची एक कविता छापली म्हणून लंडनमधल्या एका संपादकाला ईश्वरनिंदेखाली दोषी ठरवलं. तो कायदा गेला 2008 मध्ये, आणि होता तोवर संरक्षण फक्त ख्रिस्ती धर्माला, त्यामुळे सलमान रश्दींच्या कादंबरीवरून वाद झाला तेव्हा इथले मुसलमान कोर्टात गेले तर तुमच्यासाठी हा कायदा नाही असं उत्तर मिळालं. चर्चचे 26 बिशप आजही हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. कसलं आलंय वेगवेगळं! फरक एवढाच की यांनी आपल्या घरातले हे कायदे हळूहळू काढले, आणि 1927 मध्ये आपल्याला दिलेलं धर्मभावना दुखावण्याचं 295-अ कलम आपण अजून, नव्या संहितेत नंबर बदलून का होईना, सांभाळून ठेवलंय. नाटकाची संहिता आधी पास करून घ्यायची पद्धतही महाराष्ट्रात अजून चालूच आहे. त्याविरुद्ध आमच्या ग्रुपवर एक मेसेज कधी आलेला मी बघितला नाही.

पण इथली शांतता मला पूर्ण पटतही नाही. बनियनला आज इथे वाचतं कोण? ऑफिसात बेडफर्डातच जन्मलेली मंडळी आहेत, त्यांना पुतळा म्हणजे भेटायची जागा. कितीतरी ठिकाणी चर्चचे फ्लॅट झालेत. ज्याच्यावर कुणी भांडतच नाही त्याच्याबद्दल सहिष्णू राहायला काय लागतं? आपल्याकडे आषाढात लाखो लोक तुकोबा म्हणत पंढरपूरला चालत जातात, त्यांच्यातल्या कुणाला एखादी कादंबरी झोंबली तर तो राग मला समजतो, उलट वाङ्मय इतकं जिवंत असल्याचा थोडा हेवाच वाटतो इथे बसून. फक्त राग आल्यावर लेखकाने खुर्ची सोडायची हे कुठून आलं? रागावलेल्याने लिहावं, सभा घ्यावी, पुस्तक विकत न घ्यावं.

आणि राजकारणी मांडवात आले म्हणून आभाळ कोसळत नाही. 1975 ला कऱ्हाडला, आणीबाणीत, स्वागताध्यक्ष होते केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण, आणि त्यांच्यासमोर संमेलनाध्यक्ष दुर्गा भागवतांनी आणीबाणीला विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे दुर्गाबाई तुरुंगात गेल्या. तिथे मंत्री ऐकत होते आणि अध्यक्ष बोलत होत्या. आता मंत्री बोलतात आणि अध्यक्ष आभार मानतात, कारण अनुदानाचा चेक तिकडून येतो. अनुदान घ्या, लोकांचाच पैसा आहे, पण इथे सरकारी पैसा मिळालेल्या महोत्सवात मंत्र्याचं तासभर भाषण ऐकल्याचं मला तरी आठवत नाही, ही एक गोष्ट मात्र इंग्लंडकडून घेण्यासारखी आहे.

आमच्या गावातल्या छोट्या मंडळाचा नियम आहे, नो पॉलिटिक्स, नो रिलिजन. गणपती बसतो, सकाळसंध्याकाळ आरती होते, प्रमुख पाहुणे म्हणून कौन्सिलर येतात, निवडणूक जवळ असली तर दोन पक्षांचे. मागे मी दिब्रिटोंच्या पुस्तकातली दोन पानं वाचते म्हटलं तर कमिटीतून निरोप आला, "ताई, यंदा नको, उगाच वाद होतील." यंदा पुन्हा नाव देणार आहे.